सड्यावरची भरती

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी साडेआठ वाजता, बंदराच्या डोक्यावरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावरच्या दफनभूमीत तयार कबरीच्या फळ्या काढल्या, तेव्हा आत गुडघाभर पाणी होतं.

फळ्या काढल्या आत्माराममामांनी, आणि वाकून पाहिलं रेणुकाने.

तयार कबर ही रत्नागिरीतल्या या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीची जुनी पद्धत. इथे माती वीतभर, त्याखाली सगळा जांभा. टिकाव आणि पहारीने माणसाच्या मापाचा खड्डा पाडायला दोन-तीन दिवस लागतात आणि उन्हाळ्यात माणूस गेल्यावर तेवढं थांबता येत नाही. म्हणून एक कबर कायम खोदून ठेवायची. वर फणसाच्या फळ्या, फळ्यांवर चार चिरे. ही भरली की दुसरी खोदायला घ्यायची. पुढचा कोण, हे कोणी बोलायचं नाही. खोदकामाचे म्होरके आत्माराममामा. नवी कबर झाली की सत्तरी ओलांडलेले मामा स्वतः आत उतरून आडवे व्हायचे आणि वर येऊन म्हणायचे, "ऐसपैस झालीय. पण मला घाई नाही."

त्या सकाळी मात्र त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"रेणू, हे खारं आहे गो."

रेणुका पॉलिटेक्निकात स्थापत्य शिकवायची. जमिनीतून पाणी कुठे झिरपतं, कसं झिरपतं, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवणं हा तिचा रोजचा धंदा. ती कबरीभोवती फिरली. दिवाळीनंतर पावसाचा थेंब नव्हता. कोपऱ्यातली विहीर तळाला गेली होती. पाइप जवळपास नव्हताच. फाटकापाशी टाकी होती, तीही टँकरची वाट बघत कोरडी पडलेली.

"कोणी मीठ टाकलं असेल, मामा."

"मीठ टाकलं असेल. पाणी कुणी टाकलं? इथे फुलांना घालायला मिळत नाही."

तिने स्वतः चाखून पाहिलं. पाणी खारट होतं, आणि जिभेवर मागे डिझेलची किंचित चव राहिली. तिने थुंकून तोंड पुसलं आणि मागे वळून बघितलं. तिची आई जाईबाई फाटकाजवळच्या पायरीवर बसून मोगऱ्याचे गजरे सोडवत होती. अजून तिच्या कानावर काही गेलं नव्हतं.

"आईला सांगू नका," रेणुका हळूच म्हणाली.

यामागे कारण होतं. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी सड्यावर येते. प्रत्येक घर आपल्या माणसाच्या कबरीपाशी मेणबत्ती लावून पूर्वेकडे तोंड करून उभं राहतं. येशू उठला, तसे हेही एक दिवस उठतील. ती वेळ आली तर आपलं कोणीतरी जवळ असावं, एवढाच त्यातला साधा भाव. जाईबाईंचा नवरा नोकरीवर असताना लांब पोफळी गावी वारला, तिकडेच पुरला. आणि मुलगा अनिल, रेणुकाचा धाकटा भाऊ, मच्छीमार बोटीवर इंजिन बघायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी, मासेमारी सुरू झाल्या झाल्या, त्याची बोट मिरकरवाडा बंदरातून निघाली आणि जयगडच्या बाहेर उलटली. बोट चालवणारा तांडेल आणि बाकीचे खलाशी दुसऱ्या बोटीने उचलले. अनिल मिळाला नाही.

गेल्या ईस्टरला जाईबाई न पेटवलेली मेणबत्ती हातात धरून फाटकापाशीच उभ्या राहिल्या होत्या. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, जवळ गेले, तेव्हा म्हणाल्या, "हे सगळे आपापल्या जागेवरून उठतील साहेब. माझा कुठून उठेल?"

"समुद्रालाही त्याच्याकडचे मेलेले परत द्यावे लागतील, जाईबाई. तसं वचन आहे."

"वचन आहे हो. पण जागा नाही."

तेव्हापासून त्यांचं जेवण कमी होत गेलं. सकाळी चहा, संध्याकाळी दोन घास. या वर्षी त्यांनी मंडळीच्या पंचांकडे तयार कबर मागितली. अनिलचा इंजिनाचा पाना आणि बाप्तिस्म्याचा फोटो त्यात ठेवायचा, वर माती लोटायची, म्हणजे उभं राहायला जागा झाली. पंचांत एकच बाई, गंगाबाई. त्या तोंडावर म्हणाल्या, "पाना पुरून काय व्हायचं गो? उद्या पान्याचं पुनरुत्थान व्हायचं का?" पाळकसाहेबांनी निर्णय ईस्टरच्या उपासनेनंतर देतो म्हणून वेळ मारून नेली.

रेणुकालाही ते नको होतं, पण वेगळ्या कारणाने. आई दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. रिक्षातून उतरवताना हाताला वजन लागत नव्हतं. सड्यावर आलं की रेणुकाची नजर त्या फळ्यांकडे जायची आणि वाटायचं, ही आईचीच वाट बघत्येय; अनिलच्या नावाने मागितली तरी आत आईच जाईल.

आत्माराममामांनी बादलीने पाणी उपसलं. तळ दिसला. सपाट जांभा, कुठे चीर नाही, कुठे झरा नाही. इतर कबरी झाडून, गवत काढून होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पुन्हा येऊन बघतात तर पाणी कमरेपर्यंत चढलेलं. कडेने फेस होता. ओल्या जाळ्याचा वास येत होता.

जेवणवेळ टळल्यावर ते आपोआप उतरू लागलं.

तेव्हा रेणुकाने फोन काढून भरती-ओहोटीच्या वेळा पाहिल्या. मग सड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली बंदरातल्या बोटी काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. पाणी मागे हटत होतं. वाळूची ओली पट्टी रुंद होत होती. ती परत आली. कबरीच्या भिंतीवर ओली पट्टी रुंद होत होती.

असं होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. का होत नाही, हे तिने वीस वर्षं शिकवलं होतं.

मागून चपलांचा आवाज आला. जाईबाई आल्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या कबरीच्या काठावर हात टेकून बसल्या, आणि आत बघत, घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाल्या, "दमला असशील. सावकाश ये. मी आहे."

"आई, पाणी आहे ते."

"मग मी कुठे दूध म्हटलं? डबा आणलायस ना? पेज दे मला."

रेणुकाने डबा उघडून दिला. जाईबाईंनी पेज संपवली, लोणच्याची फोड चोखली, आणि डब्याचं झाकण आपल्या हाताने लावलं. कितीतरी महिन्यांत रेणुकाने हे पाहिलं नव्हतं. फळ्या परत लावायला ती उठली होती, ती तशीच खाली बसली.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. कबरीत ओल तेवढी उरली होती. त्यांनी चपला काढल्या, वाकून बराच वेळ पाहिलं.

"फळ्या लावून घ्या," ते एवढंच म्हणाले. "चिरे पण ठेवा."

पहाटे वारा गार होता. मंडळी रिक्षांनी, चालत, पोरांना कडेवर घेऊन आली. कबरीकबरीपाशी मेणबत्त्या लागल्या. जाईबाई फाटकापाशी थांबल्या नाहीत. सरळ तयार कबरीपाशी गेल्या, वाकल्या, आणि चिऱ्याच्या आडोशाला मेणबत्ती चिकटवली.

गंगाबाई शेजारच्याच रांगेत होत्या. "अगो जाई, त्या खड्ड्यापाशी नको लावू. कोणाला बोलावत्येस?"

"बोलावत नाही. आलेल्याला उजेड दाखवत्ये."

गंगाबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

पूर्वेला फिकट झालं. पाळकसाहेबांनी हात वर केले.

"प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" मंडळी म्हणाली.

सगळ्यांचं म्हणून झालं. मग एक पुरुषी आवाज, अर्धा श्वास मागून, म्हणाला, "खरोखर उठला आहे."

तो खालून आला होता.

अनिल लहानपणापासून असाच मागे पडायचा. सगळे थांबल्यावर याचा एकट्याचा आवाज चर्चमध्ये घुमायचा आणि घरी जाताना रेणुका त्याला वाटभर चिडवायची.

कोणी मान वळवली नाही. पाळकसाहेबांचे हात वरच राहिले.

रेणुकाने फळ्यांकडे पाहिलं. चिरे जागच्या जागी होते.

फळ्यांच्या कडेला जांभ्यावर एक ओलं पाऊल होतं. अनवाणी. त्याच्यापुढे दुसरं.

उजेड वाढला तशी पुढची दिसू लागली. ती जाईबाईंपर्यंत गेली होती. तिथे दोन्ही पावलं शेजारी-शेजारी उमटली होती, बोटं जाईबाईंच्या बोटांसमोर.

तिथून ती फाटकाकडे गेली होती. समुद्राकडे नाही, गावाकडे.

जाईबाई डोळे मिटून उभ्या होत्या. पातळाचा डावा खांदा भिजून गळत होता.

"आई?"

"गप. ऊन येऊ दे."

ऊन आलं. पावलं वाळली, आणि जांभ्यावर मिठाचा पांढुरका डाग तेवढा राहिला, तोही वाऱ्याने नेला. आत्माराममामांनी चिरे उचलून फळ्या सरकवल्या. आत कोरडं होतं. मामा बघत राहिले. आत उतरले मात्र नाहीत.

उपासना झाल्यावर पाळकसाहेब निर्णय सांगायला आले, तर जाईबाईंनीच हात जोडले. "ती कबर राहू दे साहेब. ज्याला लागेल त्याला द्या. माझ्या मुलाला नको." मग गंगाबाईंकडे वळून म्हणाल्या, "आणि पाना मी काल रात्रीच शेजारच्या मेकॅनिकच्या पोराला दिला, गंगा. तुझी काळजी मिटली." गंगाबाईंनी त्यांचा ओला खांदा हाताने चाचपला आणि त्या रडू लागल्या.

सोमवारी भरतीच्या वेळी रेणुका एकटी सड्यावर जाऊन आली. कबर कोरडी होती. तिने भिंतींवर हात फिरवला, नेहमीचा खरखरीत जांभा लागला.

मंगळवारी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला. जयगडच्या बाहेर एका ट्रॉलरच्या जाळ्यात कपडे आले होते. ओळख पटवायला या. टेबलावर प्लास्टिक अंथरून ते ठेवले होते. वर पिवळा रेनकोट. कोपरावर जाईबाईंनी लावलेलं निळ्या कापडाचं ठिगळ रेणुकाने लगेच ओळखलं. रेनकोट गळ्यापर्यंत बंद होता, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधलेली. त्याच्या आत सदरा, सदऱ्याच्या आत बनियन, खाली पँट, पट्टा आवळलेला. सगळं अंगावर असतं तसं, एकात एक, बाह्यांत बाह्या. मधे काहीच नव्हतं.

"इतक्या दिवसांनी हाडं तरी यायला हवी होती," हवालदार म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आम्ही काही लावलेलं नाही हं ताई. जाळ्यातून असंच आलं. गुंड्या बघा."

रेणुकाने बघितल्या. सगळ्या लावलेल्या होत्या.

बाहेरच्या बाकावर बसून तिने आईला फोन लावला आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. जाईबाई दुपारचं जेवायला वाढून घेत होत्या. आवाज थांबला.

"आणि मग आता," त्यांनी विचारलं, "त्याच्या अंगावर काय आहे गो?"

कपडे अजून ठाण्यातच आहेत. नाडी कोणी सोडलेली नाही.