तिसरी रांग

मी त्याला प्रथम पाहिले ते आरशात, गुडघे हनुवटीला टेकवून.

बारामतीच्या एका शोरूममधून ट्रायलसाठी निघालेली ती भलीमोठी एसयूव्ही. पुढे माझा नियोजित वर मल्हार, मधल्या रांगेत त्याचे आईवडील आणि माझे वडील, अण्णा. तिसरी रांग माझी. गाडी अण्णा घेणार होते; मल्हारच्या भवानीनगरच्या घराला लग्नात देण्यासाठी. हुंडा हा शब्द कोणी उच्चारला नाही. सुशिक्षित माणसे मागत नाहीत. ती केवळ आपल्या कुटुंबाच्या गरजा समजावून सांगतात. होणाऱ्या सासूबाईंच्या, लीलाबाईंच्या, गुडघ्यांना बुटकी पायरी हवी होती. सासऱ्यांना साखर कारखान्याच्या फाटकावरून ओळखू येईल असे गाडीचे तोंड हवे होते. मल्हारला उघडणारे छत हवे होते. आभाळाशी त्याचा काय संबंध, ते मला कधीच कळले नाही.

गाडी चालवणारा शोरूमचा विक्रेता, सुयश, याने आरशात पाहिले.

“मागं कसं वाटतंय, मॅडम?”

हा प्रश्न तोवर कोणालाच सुचला नव्हता. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईला एवढ्याशा प्रश्नाने गहिवरून यावे, याची मला लाज वाटली.

“गुडघे अजून जागेवर आहेत,” मी म्हणाले.

तो हसला नाही. डोळे मात्र आरशातून हलले नाहीत — पुढच्या खड्ड्यापर्यंत.

रंग पक्का करायला मी एकटीच गेले. रंग निवडण्याचा अधिकार मला उदारपणे बहाल झाला होता. तो पांढराच असावा, एवढीच अट होती.

“पांढरा,” मी म्हणाले.

“तुमचा आवडता?” सुयशने विचारले.

“नाही.”

“मग चालवून तरी बघा.” त्याने ट्रायलच्या गाडीची चावी माझ्या तळहातावर ठेवली.

इंदापूर रस्त्यावर मळकट आभाळ उसाला टेकले होते. उसाच्या ट्रॉलीमागे मी रेंगाळले.

“पुढं काढा की. कॉलेजात पोरं घाबरत असतील तुमाला. ट्रॉली घाबरायची न्हाय व्हय?”

“तुम्ही घाबरता?”

“लय.” तो खिडकीबाहेर पाहू लागला. “गाडीला न्हाय.”

भुरभुर पाऊस आला. वायपरची कळ शोधताना त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि — क्षणभर — दोघांनाही ती सापडली नाही.

“मी तुमाला कुठली गाडी सुचवली असती, सांगू?” परतताना तो म्हणाला. “जिच्यात तुमी पुढं बसाल. बाकी कसली का असंना...”

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी बॉनेटवर झेंडूचा हार होता. अण्णांनी मल्हारच्या हाती चावी द्यायची, मग फोटो, असे ठरले होते. फोटोसाठी सगळे घर आत बसले. लीलाबाईंनी बोटे मोजली : आम्ही दोघं, मल्हार, थोरला, त्याची बायको, नातू, माझ्या सासूबाई.

“सात. बरोबर बसलो की.”

दारे लागली. मी बाहेर उभी होते.

“आन् मॅडम?” सुयशने विचारले.

“ती काय, कुठंबी बसंल,” लीलाबाई म्हणाल्या. त्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. भयंकर होते ते तेच.

खिडकीतून चावी आत देणाऱ्या अण्णांचे मनगट मी धरले.

“नको, अण्णा. गाडी नको, आणि हे लग्नही नको.”

त्यानंतर सभ्य माणसांच्या तोंडून जी भाषा ऐकली, ती कुठल्या अभ्यासक्रमात नसते. ती मंडळी आपल्या जुन्या गाड्यांतून निघून गेली. हार बॉनेटवरच राहिला. अण्णा खुर्चीत बसून नुसते त्याच्याकडे पाहत होते.

“बुकिंग रद्द का झालं, साहेब विचारतील,” सुयश हळूच म्हणाला. “काय सांगू?”

“सांगा, जागा अपुरी पडली.”

तो प्रथमच हसला आणि अण्णांवर नजर जाताच थांबला. “कन्हेरीला, घरी सोडतो तुमाला,” म्हणाला. ट्रायलची गाडी काढली, चावी मला दिली, स्वतः शेजारी बसला. अण्णांसाठी मधले दार उघडे होते. ते तिथे बसले नाहीत. सीट पाडून, वाकत वाकत, पार मागे गेले.

“अण्णा, असं काय करता? मधे बसा.”

“असू दे. मला कळू तरी दे.”

गुडघे हनुवटीला लावून बसलेले माझे वडील मला आरशात दिसत होते. उद्या गावात काय बोलले जाईल, ते त्यांच्या चेहऱ्यावर आजच उमटले होते. सुयशचा हात वायपरच्या कळीकडे आला. काच कोरडी होती. तो हात माझ्या हातावर थांबला — मी माझा काढला नाही.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला.

“खड्डं लय लागत्यात गं, हितं.”

मी गाडी हळू केली.