घरात माणसं किती?

पालिकेच्या तक्रार खिडकीपाशी मास्तरांचा नंबर लागला आणि नेमका कारकून चहाला उठला. "आलोच," म्हणाला. हे 'आलोच' केवढं लांबतं ते अख्ख्या रांगेला ठाऊक होतं. मास्तरांनी काखेतला कचऱ्याचा डबा खाली ठेवला आणि ते भिंतीला टेकले.

"डबाच घेऊन आलात?" मागून आवाज आला.

"तोंडी सांगून दमलो. म्हटलं, केवढासा दिलाय ते डोळ्यांनीच बघू दे."

"धुतलाय ना?" मागच्या बाईंनी डबा उलटा केला आणि सरळ त्यावर बसल्या. अंगात नर्सचा पांढरा गणवेश, डोळे जागून जडावलेले. "बसायला बरा आहे की! रागावू नका हं... रात्रपाळी करून आलेय."

मास्तर रागावले नाहीत. रागवायलाही अंगात जोर लागतो. तो वर्षभरात कुठे गेला होता कोण जाणे. मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आता कुणी नाही. पालिका घरातली माणसं बघून डबा देते. बायको गेली आणि थोड्याच दिवसांत पालिकेची गाडी मोठा डबा घेऊन गेली, हा ठेवून गेली. यात कापडाची कातरण मावत नव्हती, आणि बाहेर ठेवलेली गाडीवाले उचलत नव्हते.

"तुमची काय तक्रार, सिस्टर?"

"उलटी. भाऊ-वहिनी, पोरं, सगळी दुसऱ्या गावी गेली. घरात मी आणि हत्तीएवढा डबा. ड्यूटीवरून येऊन तो फाटकापर्यंत ओढायचा, आणि आत बघावं तर तळाला चार सालं!" त्या थांबल्या. "आणि इथेही सिस्टरच का?"

"मग काय म्हणू?"

"सुचेल हो..."

मास्तर खाली बघू लागले. तिथे सिस्टरांच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. हे मात्र त्यांना बघवेना. कॉलरमागे टोचलेली, दोरा ओवलेली सुई त्यांनी काढली. "हात करा इकडे."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"बटण लावतोय—"

"मी कुठे काय म्हटलं?"

बटण पक्कं बसलं. कात्री नव्हती. सवयीने मास्तर दाताने दोरा तोडायला वाकले आणि मनगटापाशी अडकले. साबणाचा वास आला. बऱ्याच दिवसांत ते कुणाच्या इतक्या जवळ गेले नव्हते.

"तोडा की," सिस्टर हळूच म्हणाल्या. "चावत तर नाही ना?"

तेवढ्यात कारकून आला. "हं, मास्तर. घरात माणसं किती?"

"दोन."

"इथे तर एक दिसतंय."

मास्तर खिडकीच्या गजाकडे बघत राहिले. "एक," शेवटी म्हणाले. हा शब्द त्यांनी अजून कुणापुढे काढला नव्हता.

"मग डबा बरोबर आहे. पुढे कोण?"

मागे सिस्टरांचं हसू मावळलं होतं. त्या पुढे झाल्या. "अहो, यांना मोठा हवा, मला लहान. आम्ही आपसात बदलून घेतो."

"चालत नाही. डबा ज्या घराचा त्याच घराचा."

दोघं बाहेर आली तर भुरभुर पाऊस. मास्तरांनी डबा उपडा करून सिस्टरांच्या डोक्यावर धरला.

"तुम्ही भिजताय."

"हा एकालाच पुरतो. तेच तर सांगत होतो आत."

सिस्टर हसल्या. मग म्हणाल्या, "माझी तक्रार राहू दे. तुमची कातरण माझ्या डब्यात आणून टाका. तुमचं दुकान पाहिलंय, मागच्याच गल्लीत राहते मी."

तेव्हापासून मास्तर सकाळी गाठोडं घेऊन जायचे, कातरण टाकायचे, तो हत्ती फाटकापर्यंत ओढायचे. सिस्टर पायरीवर चहा आणायच्या. दोघंही दमलेली. बोलणं फार नसायचं... पण कप रिकामे झाले तरी कुणी उठायचं नाही.

मग पालिकेच्या माणसाने डबा उघडून पाहिला आणि दोघांना खिडकीवर बोलावणं आलं.

"दुसऱ्याच्या डब्यात कचरा?" कारकून चिडला होता. "बाई, तुमचा डबा आता जाणार. खरं सांगा, घरात माणसं किती?"

डबा गेला की सकाळची गल्ली गेली, पायरी गेली.

"दोन," सिस्टर म्हणाल्या.

"दोन? कुणाच्या घरात?"

"ते..." सिस्टरांचे कान लाल झाले. बोटं बाहीच्या बटणाशी खेळत होती. "ते अजून ठरायचंय."

रांगेतल्या माना वळल्या. मास्तरांना बायको आठवली. ती रोजच आठवायची आणि सगळी जागा अडवून बसायची. आज जरा सरकून बसल्यासारखी वाटली.

"माझी मशीन जड आहे," ते सिस्टरांना म्हणाले.

"डब्यापेक्षा?"

"थोडी... पण दोघांनी धरली तर येईल."

"मग काय लिहू?" कारकुनाने विचारलं.

"दोन लिहा. यांच्या घरात." मास्तर सिस्टरांकडे वळले. "सिस्टर, तुम्हाला खरंच—"

"अहो मास्तर! निदान आता तरी मला सिस्टर म्हणू नका!"