मोज्यातलं कुसळ

"हलू नका!"

मी ओरडले आणि रत्नागिरी स्टेशनच्या मालधक्क्यावरून चाललेला तो तरुण एका पायावरच थिजला.

"साप?"

"नाही... तुमचा मोजा."

कोकण रेल्वे सुरू होऊन वर्षच झालं होतं तेव्हा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी तिथल्या एका अनोळखी गवतावर डोळा ठेवून होते. तुऱ्याशिवाय गवताची ओळख पटत नाही. तुरा आला, पिकला, आणि त्या दिवशी बघते तर — शेळीनं बुडख्यापर्यंत फस्त केलेलं! उरलेला एकच दाणा कुसळासकट ह्याच्या मोज्यात रुतला होता.

मी वाकले. केसाळ दाणा, मध्येच मुडपलेलं पीळदार कुसळ. त्यावर बाटलीतला थेंब टाकला... पीळ उलगडत कुसळ हळूच फिरलं.

"जिवंत आहे की काय!" तो कुजबुजला.

"रानओट," मी म्हणाले. "ओट्सचा रानटी भाऊ. आपल्याकडचं नाही हे. उत्तरेकडून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून पडलं असणार."

"मग टिकेल इथं?"

"एका वर्षाचं आयुष्य त्याचं. पण बी पडलं, तर पुढच्या थंडीत परत..."

"मीपण पुढच्या थंडीतच. जहाजावर चाललोय." गाडीची घोषणा झाली. ओढलं तर कुसळ तुटलं असतं, म्हणून त्यानं मोजाच काढून दिला. "पूर्णगडचा झुबेर. मोजा परत हवा हां — धुऊन!"

"आणि नाही आलात तर?"

"एका मोज्यावर किती दिवस काढणार मी, रुबिना?"

नाव ओळखपत्रावर वाचलं होतं मेल्यानं!

प्रोजेक्ट मोज्यासकट पास झालं. मग घरी स्थळं येऊ लागली. मी प्रत्येकात खोट काढायची. "कोणाची वाट बघतंस गो?" अम्मी विचारायची. काय सांगणार... मोजा देऊन गेलेल्या माणसाची?

थंडी आली. मालधक्क्यावर रानओट कुठंच नव्हतं. मी मान खाली घालून शोधत राहिले, डोळे भरून येईपर्यंत...

"हलू नका." मागून आवाज आला. माझ्या ओढणीला चिकटलेलं कुसळ — आपलं गावठीच — त्यानं अलगद काढलं. "माझा मोजा?"

"धुतला नाही."

"का?"

"कुसळ निघालं असतं ना..."

तो हसला नाही. "उद्या अब्बांना घेऊन घरी येतो," म्हणाला.

आता आमची मनाल चार वर्षांची आहे. दर सुट्टीला झुबेरची गाडी उशिरा येते. तोवर मालधक्क्याशी खेळून आलेल्या पोरीला मी तपासत बसते — कानात काही गेलं नाही ना, तोंडात काही घातलं नाही ना. फ्रॉकची सगळी कुसळं वेचून काढते.

तिच्या मोज्यातलं एक मात्र राहू देते. ते तिचे अब्बा काढतात.