पुढच्या सीटवरची सवाष्ण

मलकापूर स्टेशनाबाहेर त्या सकाळी एक मजेदार भांडण चाललं होतं. भांडणारे दोघं होते आणि एकाचं अक्षरही दुसऱ्याला कळत नव्हतं.

एक होता नॉर्वे देशातून आलेला दगडधोंड्यांचा प्राध्यापक, एरिकसाहेब. उंच, लाल चेहऱ्याचा. त्याला लोणारचं तळं पाहायला जायचं होतं. दुसरा सहदेव, गळ्यात मफलर गुंडाळलेला, भाड्याच्या काळ्या मोटारीचा मालक आणि ड्रायव्हरही तोच. साहेबानं किल्लीसाठी हात पुढे केला होता आणि सहदेवनं किल्ली मुठीत घट्ट धरली होती. साहेबाची बायको, इंग्रिडबाई, पेटीवर बसून शांतपणे संत्रं सोलत होती.

तेवढ्यात टांग्यातून रुख्मिणी उतरली. पाहुण्यांची पत्रं यायची ती तिच्या वडिलांना, शंकरराव हेडमास्तरांना. पण मास्तरांचा पाय ऐन वेळी मुरगळला. अमरावतीला बी. ए. झालेली मुलगी घरात होती, सोबत मडमेसारखी बाईमाणूस होती, तेव्हा दोन दिवसांसाठी दुभाषी म्हणून त्यांनी तिलाच पाठवलं.

साहेबाचं म्हणणं ऐकून ती सहदेवकडे वळली. "साहेब म्हणतात, त्यांच्या देशात मोटार भाड्यानं घेतली की आपली आपणच चालवतात. ड्रायव्हर नको."

सहदेव हसला. "ड्रायव्हरबिगर मोटार? म्हणजे नवरदेवाबिगर वरातच झाली! सांगा त्यायले, आमच्या इथं गाडी भाड्यानं भेटते, आन् गाडीसंगं मी भेटतो. मले घरी ठेवून गाडी कोठी जात नसते."

रुख्मिणीनं इंग्रजीत चार शब्द सांगितले.

"एवढंच? माहं बोलणं तर लंबं होतं."

"तुमची वरात वाटेत ठेवली," ती म्हणाली. आणि आपण हे बोललो कसं, म्हणून स्वतःच दचकली.

शेवटी तोड निघाली. गावाबाहेर पडेपर्यंत साहेबानं चालवायचं, सहदेवनं शेजारी बसायचं. पण ते दिवस कापसाचे. जिनिंग गिरणीकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग रस्ताभर पसरली होती. साहेबानं भोंगा वाजवला. एका बैलानं खिडकीतून तोंड आत घातलं, साहेबाची टोपी मन लावून हुंगली, आणि मग ती खायला घेतली. साहेबानं निमूटपणे किल्ली परत दिली आणि तो बायकोशेजारी मागे जाऊन बसला. दुभाषी म्हणून रुख्मिणीला पुढे बसावं लागलं.

मागे साहेब नकाशात बुडाला. नकाशा जुना होता. महाराष्ट्र झाल्याची बातमी त्याला लागलीच नव्हती. बुलढाणा अजून मध्य प्रांतातच होता. राजूरच्या घाटात गार वारा आत आला, तसा रुख्मिणीनं पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला. सहदेवनं आपल्या बाजूची काच खालीच ठेवली आणि हात लांबवून तिच्या बाजूची वर केली.

ही मोटार एरवी काय करते, असं इंग्रिडबाईनं विचारलं.

"लगनं," सहदेव म्हणाला. "लय नवरदेव पोचवले हिनं. एकही तक्रार घेऊन परत आला नाही."

मागे हशा पिकला. मग इंग्रिडबाईनं आणखी काही विचारलं. ते सांगताना रुख्मिणी खिडकीबाहेर बघत राहिली. "त्या विचारतात... तुमचं लग्न?"

"त्यात एक अडचण हाय. नवरदेव मांगं बसते. मी मांगं बसलो, तं गाडी कोण चालवल?"

ती हसली. तोही हसला, पण मग त्याचं हसू ओसरलं.

"मास्तरांनी ऐतवारी बी गाडी सांगतली हाय," तो हळूच म्हणाला. "नागपूरचे पाव्हणे ठेसनावरून आणाले. तुम्हाले पाहाले येऊन राह्यले म्हणे."

"हो... म्हणे."

"म्हणे? तुम्हाले माहीत नाही?"

"मला सांगितलंय. विचारलं नाही."

"आन् तुम्ही काय म्हणलं?"

रुख्मिणीनं उत्तर दिलं नाही. बाबा प्रेमळ होते. ती बोलली असती, तर त्यांनी ऐकलंही असतं. पण काय बोलायचं? त्या नागपूरकराला तिनं पाहिलंही नव्हतं. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायलाही नव्हतं. अशा वेळी ती गप्प बसायची, आणि घर त्या गप्प बसण्याला होकार समजायचं.

चिखली सोडली आणि मेहकरच्या अलीकडे मोटारीच्या नाकातून वाफ यायला लागली. रस्त्याकडेला मळा होता. विहिरीवर मोट चालू होती. सहदेव डबा घेऊन पाणी आणायला धावला, आणि मळ्यातून गोजरबाई नावाची एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची म्हातारी पाहुण्यांना बोलवायला धावली.

तिनं सगळ्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं आणखी मागितला. निघताना गोजरबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली.

"संक्रांतीचे दिस हायत बाई. सवाष्ण माह्या दारातून रिती जात नाही."

आधी तिनं इंग्रिडबाईच्या स्कार्फात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे आणि तिळगूळ घातला. मग ती रुख्मिणीकडे वळली. "कर व पदर पुढं. नवऱ्याजवळ पुढं बसून आली, आन् आता कायची लाजतं?"

रुख्मिणीनं ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. मी त्यांची कोणी नाही, एवढं तर सांगायचं होतं. पदर दूर केला असता, तर मोकळा गळा बघून म्हातारीला न सांगताच कळलं असतं. पण हात पदराकडे गेले ते गळा मोकळा करायला नव्हे, ओटी घ्यायला. ओटीत ओंजळभर गहू पडले, हळकुंड पडलं, बोरं पडली.

"आता नाव घे," गोजरबाई म्हणाली. "त्याबिगर सोडत नाही."

"मी... परत येताना घेईन."

"कबूल?" म्हातारी विहिरीकडे बघून ओरडली, "आयकलं का रे बाबू! तुही बायको येतानी नाव घेतो म्हणते!"

सहदेवच्या हातातला पाण्याचा डबा तिरका झाला आणि अर्धं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

मोटार निघाली. मळा मागे पडला.

"तुम्ही काऊन सांगतलं नाही त्या म्हातारीले?" शेवटी त्यानं विचारलं.

"काय?"

"का आपण... का तुम्ही माह्या... नाहीत ते."

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

"माह्या पायावर पाणी सांडलं होतं."

"मग माझ्याही ओटीत बोरं होती," रुख्मिणी म्हणाली आणि हसू लपवायला खिडकीकडे वळली.

लोणारला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. खाली खोलगट वाडग्यासारखं ते मोठं तळं, भोवती हिरवी झाडी. आभाळातून दगड पडून हे झालं, असं साहेब लहान मुलासारखा उड्या मारत सांगत होता. तो दगड गोळा करत उतरणीवर गेला. बाकीचे तिघं गोमुखातून पडणाऱ्या धारेपाशी थांबले. खाली तळ्याचं पाणी खारट, तोंडात धरवत नाही असं. आणि वर काठावर ही गोड पाण्याची धार.

सहदेवनं हातपाय धुतले. "एक बोर द्या न," तो म्हणाला.

"ओटीतलं आहे. असं कुणालाही देत नाहीत."

"घरच्या माणसाले चालते."

रुख्मिणीनं पदराची गाठ घट्ट केली. "म्हणून तर नाही देत," ती म्हणाली.

त्यानं मफलरला हात पुसले. मग धारेकडे बघत म्हणाला, "मी ऐतवारी पाव्हणे आणीन. मास्तरांले शब्द देल्ला हाय. पण त्या दिवशी गाडी चालवनं मले लय जड जाईन... हे तुम्हाले सांगून ठेवतो. तुमच्यावर जोर नाही."

इंग्रिडबाई दोघांकडे बघत होती. ती रुख्मिणीला इंग्रजीत म्हणाली, "सकाळपासून तू सगळ्यांचं बोलणं सांगते आहेस. तुझं स्वतःचं कुठे आहे?"

"काय म्हणल्या?" सहदेवनं विचारलं.

"काही नाही... थंडी पडली म्हणाल्या."

सबंध दिवसात तिनं पहिल्यांदाच खोटं भाषांतर केलं होतं.

त्या रात्री डाकबंगल्याच्या एका खोलीत दोघी बायका झोपल्या, दुसऱ्या खोलीत साहेब. सहदेव मोटारीतच झोपला. उशाशी ओटीचं गाठोडं ठेवून रुख्मिणी विचार करत राहिली. कालपर्यंत हो म्हणायला कारण नव्हतं, नाही म्हणायलाही नव्हतं. आज मात्र एक कारण बाहेर थंडीत, मफलर डोक्यावरून घेऊन झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना सहदेव अगदी मोजकं बोलला. मेहकर मागे पडलं. गोजरबाईचा मळा जवळ यायला लागला, तसा त्यानं घसा साफ केला. "न थांबता जातो. तुम्हाले उगाच अवघड होईन."

रुख्मिणीनं पदराची गाठ सोडली, एक बोर काढलं आणि चाकावरच्या त्याच्या हाताशी धरलं.

त्यानं बोराकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. "हे... ओटीतलं?"

"रस्त्याकडे बघा," ती म्हणाली. "आणि मळ्यापाशी थांबा."

न थांबून भागणारही नव्हतं. गोजरबाई हात पसरून भर रस्त्यात उभी होती. "घे व आता! येतानी म्हणलं होतंस!"

रुख्मिणी खाली उतरली. पदर आज गळ्याभोवती नव्हता. म्हातारीची नजर मोकळ्या गळ्यावर गेली, तिथंच थबकली. "अव माय! तुहं तं अजून..."

"व्हायचं आहे, आजी," रुख्मिणी म्हणाली. "पण नाव कबूल केलंय, ते घेते." आणि सहदेवकडे सरळ बघत तिनं नाव घेतलं:

"खाऱ्या तळ्याच्या काठी गोड पाण्याची धार,
सहदेवरावांच्या शेजारी मी जन्मभर बसणार."

गोजरबाई आधी डोळे विस्फारून बघत राहिली, मग तिनं दोघांवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सहदेवच्या तोंडून शब्द फुटेना. तोंडात बोर होतं, हेही एक कारण होतं.

"आन् ऐतवार?" बी टाकून त्यानं शेवटी विचारलं.

"गाडी जाणार नाही. घरी पोचल्यावर बाबांशी मीच बोलते. ते नागपूरला तार करतील."

"मी बी येतो संगं. मास्तरांच्या छड्या खायाची जुनी सवय हाय मले."

मागच्या सीटवर इंग्रिडबाईनं नवऱ्याच्या कानात काही सांगितलं. एरिकसाहेब मोठ्यानं हसला, गाडीतून उतरला आणि कालच्यासारखाच किल्लीसाठी हात पुढे करून उभा राहिला. इंग्रिडबाई आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागची सीट रिकामी झाली.

सहदेवनं किल्लीकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या सीटकडे. "सांगा त्यायले, बैल दिसला का थांबा."

रुख्मिणीनं ते नीट, एकही शब्द न गाळता सांगितलं.

मोटार निघाली. स्वतःच्या गाडीत सहदेव पहिल्यांदाच मागे बसला होता, हात मांडीवर ठेवून, अगदी नवरदेवासारखा अवघडून. पहिल्याच खड्ड्याला दोघांची डोकी टपाला लागली.

"अरे बापा," तो डोकं चोळत म्हणाला, "मांगं एवढे हादरे बसतात? इतके नवरदेव नेले, एकानं सांगतलं नाही!"

"त्यांचं लक्ष नसेल," रुख्मिणी म्हणाली, आणि तिनं दुसरं बोर त्याच्या हातावर ठेवलं.