एवढं लांब ‘नाही’

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मागे आरडाओरडा ऐकू येत होता. “लवकर या, लोक नर्सच्या अंगावर धावून जातायत!”

इन्स्पेक्टर बाई पोचल्या. नर्सला औषधांच्या खोलीत बसवून दाराशी शिपाई उभा होता. पलीकडे तपासणीच्या टेबलावर, चादरीखाली, किल्लीवाला. बाजारात किल्ल्या बनवायचा. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. घसा सुजला, ताप चढला, म्हणून धाकट्या भावाला घेऊन आला होता. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि बघता बघता श्वास कोंडून गेला.

“डॉक्टरांनी सांगितलं तेच दिलं, बाई,” नर्स रडत म्हणाली.

“काही खटकलं?”

“डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी इंजेक्शनचा त्रास झालाय का? भावाने खुणांनी विचारलं. तो बिचारा केवढा वेळ हात हलवत होता! आणि भाऊ म्हणतो, ‘नाही म्हणतोय.’ एवढं लांब ‘नाही’ असतं का?”

“कुठली खूण आठवते?”

नर्सने आपल्या दंडाला चिमटा घेतला, मग गळ्यापाशी मूठ आवळली. “मला वाटलं, घसा दुखतोय.”

डॉक्टर घाम पुसत होते. “बाहेर ही रांग! मीच भावाला म्हटलं, समराइज करा, थोडक्यात सांगा. त्याने ‘नाही’ सांगितलं, म्हणून टेस्ट डोसही दिला नाही.”

धाकटा भाऊ बाकावर बसला होता. पन्नाशीचा, डोळे सुजलेले.

“त्रासाचं विचारल्यावर दादा काय म्हणाला?”

“आपलंच पुराण लावलं. दुकान, गिऱ्हाइकं. समराइज करा म्हणाले, केलं. बिनकामाचं गाळलं.”

“पूर्वी इंजेक्शनने काही झालं होतं?”

“माझ्या तरी माहितीत नाही.”

“बरं. त्याचं ते पुराण मला सगळं सांगा. त्याच्याच क्रमाने, सावकाश.”

त्याने डोळे मिटले. जन्माची सवय, तोंडाबरोबर हातही बोलू लागले. “दुकान बंद पडलंय...” तळवा खाली आला. “गिऱ्हाइकं परत जातात...” दोन बोटं हवेत चालत गेली. “कुलपं पडून आहेत...” बोटांनी दंडाला चिमटा घेतला, मूठ गळ्यापाशी आवळली. “बस्स, एवढंच.”

“पाणी घ्या,” बाई म्हणाल्या.

दुपारी किल्लीवाल्याची मुलगी सासरहून आली. बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. फक्त दंडाला चिमटा घेऊन गळ्यापाशी मूठ आवळली.

मुलीचा चेहरा उतरला. “ही बाबांची खूण. ‘सुई टोचली की श्वास बंद.’ लहानपणी मरता मरता वाचले होते. कुठल्याही दवाखान्यात आधी हेच सांगायचे. मला ही खूण काकांनीच शिकवली.”

बाईंनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं.

“नर्सने सांगितलेलंच दिलं. डॉक्टरांनी घाई केली, त्याचं त्यांना भोगावं लागेल. पण काका, ही खूण काय सांगते ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. दादाने ती केली, हे तुम्ही पाहिलंत. मघाशी तोंडाने कुलपं सांगत होतात, पण हातांनी दादाचं खरं वाक्य बोलून टाकलं. समराइज करायचं म्हणजे कामाचं आधी धरून ठेवायचं, मग बाकीचं सोडायचं. तुम्ही जिवाची गोष्ट तेवढी गाळलीत.”



“सात वर्षांचा असल्यापासून मी त्याची जीभ आहे,” धाकटा म्हणाला. “परगावची नोकरी सोडली, गिऱ्हाइकांशी बोलायला कोणी नव्हतं म्हणून. दोन महिन्यांपूर्वी एक बाई लग्नाला तयार झाली होती. म्हणाली, तुम्ही घटकाभर बसता ते दादांचंच बोलत बसता. परत आलीच नाही. ठरवून काही केलं नाही मी. डॉक्टरांनी विचारलं आणि तोंडातून ‘नाही’ निघून गेलं. मग ते परत घेतलं नाही. इंजेक्शन भरून होईपर्यंत वेळ होता.”

“हे कोर्टात सांगाल?”

“नाही. कोर्टात म्हणेन, मला नीट कळलं नाही.”

बाईंना ठाऊक होतं, तो सुटणार. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, आणि हवेत केलेल्या खुणेचा पुरावा कोण मानणार? नर्सची नोकरी मात्र संध्याकाळच्या आतच गेली. कोणाला तरी काढल्याशिवाय दारातली गर्दी हलणार नव्हती.

मुलगी काकांसमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

“श्वास अडकला तेव्हा बाबा काहीतरी सांगत असतील. काय म्हणत होते?”

“हात हलत होते,” तो म्हणाला.

“पण काय म्हणत होते, काका?”

“मला माहीत नाही गं. मी लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं.”