खाली येणारी खुर्ची

"आजोबा, तुम्ही हात कुणाला देताय?"

एवढा एकच प्रश्न मी विचारला होता. तोही माझा नव्हता. स्वरूपा आणि नंदिनी या माझ्या मैत्रिणींनी मला डिवचलं म्हणून विचारला.

हे सगळं खरं घडलंय. कुठे ऐकलेलं नाही, कुणाच्या मावशीच्या मैत्रिणीबरोबरही नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. मीसुद्धा आधी हसलेच होते.

मी अश्लेषा. टोकियोत राहते, दहावीत आहे. बाबा तोयोसूला एका आयटी कंपनीत आहेत. आमच्या बिल्डिंगमध्ये इतकी मराठी घरं आहेत की गणपतीत मोदक पुरत नाहीत. गेल्या वर्षी मी जपानीची परीक्षा पास झाले आणि तेव्हापासून आख्ख्या ग्रुपची दुभाषी मीच. हॉटेलात मी, स्टेशनवर मी, कचऱ्याच्या नोटिशी वाचायला पण मीच. खरं सांगू? मला ते जाम आवडायचं.

डिसेंबर २००६, दुसरा शनिवार. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, आम्ही तीन कुटुंबं स्कीइंगला गेलो. रिसॉर्टचं नाव लिहिणार नाही.

सीझन नुकताच सुरू झाला होता. वरच्या उतारावर बर्फ होता, पण खालच्या अर्ध्या डोंगरावर अजून पिवळं गवत आणि त्यावर पातळसा पांढरा थर. म्हणून खाली यायची वाट दोरी लावून बंद. लिफ्टच्या खुर्चीत बसून वर जायचं, वरच खेळायचं आणि परत खुर्चीत बसूनच खाली यायचं. पुरेसा बर्फ पडून खालची वाट उघडेपर्यंत तिथे असंच चालतं.

वर जाताना समोर डोंगर असतो. खाली येताना समोर... काहीच नसतं. नुसती दरी आणि लोंबकळणारे आपले पाय.

जेवणानंतर आम्ही तिघी खालीच थांबलो होतो. कोको पीत. आई पण आमच्याजवळच होती, तिला उंचीवर जायचंच नव्हतं. बाबा आणि स्वरूपाचे बाबा वर गेले होते.

तेव्हा नंदिनीला ते दिसलं.

खालच्या स्टेशनवर लाल जॅकेटातले एक आजोबा होते. कुणाला उतरायचं असलं की लिफ्टचा वेग कमी करायचे, हात द्यायचे, वाकून नमस्कार करायचे. यात काही विशेष नाही. पण मधूनच एखादी रिकामी खुर्ची यायची...

तिलाही ते थांबवायचे.

तिलाही हात द्यायचे.

आणि वाकायचे.

"ए, हे आजोबा भुताला उतरवतायत!" स्वरूपा खिदळली.

"जा ना दुभाषी, विचार," नंदिनी म्हणाली. "का फाटली?"

"माझी? हॅ!"

गेले आणि विचारलं. अगदी शुद्ध, आदरार्थी जपानीत.

आजोबा आधी हसले. मग म्हणाले, "एक जण अजून खाली यायचाय."

"म्हणजे?"

"माझ्याबरोबर कामाला होता. असेच सुरुवातीचे दिवस होते. लिफ्टची वाट बघायला नको म्हणून दोरीखालून निघाला. पातळ बर्फाखाली ओढा असतो, तो दिसत नाही. वसंतात सापडला." त्यांनी खुर्चीवरचा बर्फ झाडूने झटकला. "सापडला, पण खाली आला नाही. खालची वाट उघडली का, म्हणून विचारत असतो. कुणी विचारलंच तर उत्तर देऊ नकोस हं."

मी परत येऊन दोघींना सगळं ॲक्टिंग करून सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो.

तेवढ्यात बर्फ सुरू झाला.

भुरभुर नाही. एकदम दाट. पाच मिनिटांपूर्वी दिसणारे खांब दिसेनासे झाले. लाउडस्पीकरवर सूचना आली की वरचा उतार बंद होतोय, सगळ्यांनी लिफ्टने खाली यावं.

माणसं उतरायला लागली. पांढरी झालेली, कुडकुडणारी. स्वरूपाचे बाबा, लक्ष्मीकांतकाका, उतरले.

एकटेच.

"प्रसन्न कुठाय?" आईने बाबांबद्दल विचारलं.

"अगं, तो चालत येतोय."

"चालत?"

"खुर्चीत बसून खाली बघवेना त्याला. चक्कर येते म्हणाला. मी सांगितलं, डोळे मीट. तर म्हणे, लक्ष्या, दर रविवारी सिंहगड उतरणारा माणूस मी, ही टेकडी काय सांगतोस! स्की खांद्यावर टाकले आणि दोरीखालून गेला. कधीच निघालाय, यायला हवा होता एव्हाना..."

काका बोलता बोलता थांबले. आईचा चेहरा बघून.

मी आजोबांकडे धावले. सांगितलं. त्यांच्या हातातला झाडू खाली पडला. त्यांनी वॉकीटॉकीवर काहीतरी भराभर सांगितलं. गस्तीचे लोक स्लेज घेऊन निघाले.

मग नुसतं थांबणं.

ते लोक मला विचारत होते, जॅकेटचा रंग कोणता, वय किती, औषधं घेतात का. मी आईला विचारत होते. आई मराठीत सांगत होती, मी जपानीत. मधेच तिने माझा हात घट्ट धरला.

"अश्लेषा, त्यांना सांग. त्याला थंडी सहन होत नाही. सांग त्यांना, त्याला पटकन सर्दी होते..."

हे मी कसं भाषांतर करणार होते?

केलं. तेही केलं.

चार वाजता तिथे अंधारून येतं. गस्तीचे लोक पहिल्या फेरीत रिकामे परत आले. पाऊलखुणा बुजल्या होत्या. लिफ्ट फक्त शोधासाठी चालू ठेवली होती. वरून एकामागून एक खुर्च्या येत होत्या. सगळ्यांवर वीतभर बर्फ. सगळ्या रिकाम्या.

आई बाबांना फोन लावत होती. लागत नव्हता. पुन्हा. पुन्हा. देवाचं नाव, मग बटण. देवाचं नाव, मग बटण.

आणि अचानक...

रिंग गेली.

कुणीतरी उचलला.

"प्रसन्न! अरे कुठे आहेस? प्रसन्न!"

आई ऐकत राहिली. मग तिने फोन माझ्याकडे दिला. "जपानी बोलतंय कुणीतरी. बघ, सापडला वाटतं!"

मी फोन कानाला लावला.

पाण्याचा आवाज. बर्फाखालून वाहतं तसं, खोल, खळखळ.

आणि एक तरुण आवाज. अगदी नम्र. स्टेशनवर कुणी रस्ता विचारावा तसा.

"माफ करा. खालची वाट... उघडली का?"

मी मान वर केली.

आजोबा समोरच होते. त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण माझ्याकडे बघून ते जोरजोरात मान हलवत होते. नको. नको.

"उघडली का?" पुन्हा.

तुम्ही काय केलं असतं, मला माहीत नाही. माझे बाबा वर होते. आई माझ्या पायाशी बर्फात बसून माझ्याकडे बघत होती. उत्तर दिलं नाही तर फोन बंद होईल, एवढंच मला कळत होतं.

मी म्हणाले, "वाट बंद आहे. पण लिफ्ट चालू आहे. तुम्ही लिफ्टने या."

पाणी खळखळत राहिलं.

"आणि तिथे माझे बाबा आहेत. निळं जॅकेट. त्यांना घेऊन या. प्लीज."

पाण्याचा आवाज थांबला.

फोन बंद.

आजोबा लिफ्टच्या बटणापाशी जाऊन उभे राहिले.

खुर्ची आली. बर्फ.

खुर्ची आली. बर्फ.

खुर्ची आली...

डाव्या बाजूला निळं जॅकेट.

"बाबा!"

बाबा बसले होते. डोळे मिटलेले, ओठ काळेनिळे, गुडघ्यापर्यंत पँट गोठून कडक झालेली. काका आणि मी त्यांना ओढून उतरवलं. आई त्यांच्या गळ्यात पडून रडत होती, त्यांना मारत होती, पुन्हा रडत होती.

मी मागे वळून बघितलं.

खुर्चीच्या उजव्या बाजूला बर्फ नव्हता.

एका माणसाएवढी जागा, कोरडी.

आजोबांनी लिफ्ट थांबवली होती. त्यांनी त्या बाजूला हात पुढे केला, रोजच्यासारखा. आणि... त्यांचा खांदा खाली झुकला. कुणीतरी खरंच भार टाकून उठावं तसा.

ते वाकले नाहीत. हात तसाच धरून उभे राहिले, आणि रडायला लागले.

वरच्या स्टेशनवरचा माणूस शपथेवर सांगत होता की खुर्चीत कुणीही बसलं नाही. बाबांना आठवतंय ते एवढंच, की पाय ओढ्यात गेला, फोन पाण्यात पडला आणि वाहून गेला.

पाण्यात वाहून गेलेला फोन कुणी उचलला?

डॉक्टर म्हणाले, बाबा नशीबवान. रविवारी आम्ही परत निघालो. ट्रेन खच्चून भरली होती. आई आणि मी पुढच्या रांगेत, बाबा मागे खिडकीशी. त्यांच्या शेजारची सीट रिकामी. लोक यायचे, सीटपाशी थांबायचे, "सुमिमासेन", माफ करा, म्हणून किंचित वाकायचे...

आणि पुढे जाऊन उभे राहायचे.

टोकियोपर्यंत कुणीही तिथे बसलं नाही.

आता दोन महिने होत आलेत. मी त्या आजोबांना फोन केला होता. ते म्हणाले, खालची वाट कधीच उघडली, आता ते रिकामी खुर्ची थांबवत नाहीत. कारण वर कुणी राहिलेलं नाही. मग हळूच विचारलं, "तुझे बाबा बरे आहेत ना?"

मी हो म्हणाले.

बाबा बरे आहेत. ऑफिसला जातात. पण ते पूर्वी मोठ्याने हसायचे, ते बंद झालंय. सोफ्यावर बसतात ते एका कडेला. त्यांच्या बाजूची उशी दबलेली असते. हात लावला तर ओली लागते. आई रोज ती हीटरपाशी वाळवते. जेवताना ती माझ्या बाजूला सरकते. बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर ती बसत नाही, मला बसू देत नाही. काल बाबा पाण्याचा पेला उचलताना हळूच जपानीत काहीतरी पुटपुटले. बाबांना जपानी धड येत नाही.

त्याला खाली मी बोलावलं. बाबांना घेऊन या, असंही मीच सांगितलं. त्याने आणलं. त्याबद्दल मी त्याच्यावर रागावू शकत नाही. पण खाली आल्यावर कुठे जायचं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

आज आईने ताटं मांडली. बाबा येऊन बसले. मी माझं ताट उचललं आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. त्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबले.

"अश्लेषा, इकडे ये," आई घाबरून म्हणाली.

"नाही आई. बाबा, तुम्ही पण ऐका. मी ठरवलंय. आजपासून बाबांच्या शेजारी मी बसणार."