निळा भुसा आणि एक अंडं

"चल लवकर! दुपारपर्यंत काही सापडलं नाही, तर मावशीच्या कारखान्याला टाळं!" रेवा भावाला, निनादला, ओढतच निघाली. सुट्टी असूनही सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

सुमतीमावशीचा कारखाना पनवेलच्या खाडीकाठी होता. चामडं कमावताना उरलेला निळा भुसा तिथे गरम पाण्याच्या टाकीत एन्झाइम घालून विरघळवत. त्यातून खत मिळे आणि क्रोमियम पुन्हा चामड्याच्या कामाला जाई. पण आठ दिवस तोच भुसा खाडीत तरंगत होता! कोळीवाडा भडकला होता आणि आज दुपारी कारखान्याला टाळं ठोकायला येणार होता.

काठावर त्यांची मैत्रीण भावना भेटली. "आज्याच्या जाल्यात मासली कमी नि ह्योच जास्त! तुमचा एन्झाइम काय कामाचा नाय."

"आधी होता की!" रेवा चिडली.

"एन्झाइम म्हंजे काय गो?"

"विरजणच समज," निनाद म्हणाला. "पण साठ अंशांच्या फार वर गेलं की मेलं!"

"मंग टाकी उकलते का बघा! उकलत्या दुधात इरजण घातलं तर दही लागंल काय?"

तिघं धावतच कारखान्यात टाकीपाशी पोहोचली.

"बरोब्बर साठ!" सुपरवायझर उदयसिंहांनी तापमानाचा काटा दाखवला. "पळा आता!"

काटा साठावरच होता, पण टाकीतून वाफ भसाभसा येत होती. भावना घरून अंडं घेऊन आली. रेवाने मावशीला गाठलं.

"मावशी, साठ अंशांत अंडं कडक उकडतं?"

"छे! पांढरंसुद्धा धड घट्ट होत नाही."

"मग हे सोड टाकीत!"

मावशीने लांब दांड्याच्या जाळीतून अंडं सोडलं. पंधरा मिनिटं रेवा नुसती येरझाऱ्या घालत होती. मग अंडं फोडलं. कडक!

"काटा अडकलाय!" निनाद ओरडला.

उदयसिंहांचा चेहरा पडला. "लवकर उरकावं म्हणून वाफ वाढवली. काटा पुढे सरकेना, म्हणून बिनधास्त वाढवत गेलो. भुसा विरघळला नाही, तो... टेम्पोने खाडीत टाकला."

तेवढ्यात भावनाचे आजोबा बुधाजी गावकऱ्यांसह फाटकावर आले. मावशी स्वतः पुढे झाली. "चूक आमची. आमच्या उदयसिंहांनीच भुसा खाडीत टाकला. खाडी साफ होईपर्यंत टाकी बंद. शोध मात्र या पोरांनी लावला."

बुधाजींनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मोठ्या मान्सांपरीस हुशार हाव तुमी! आमी होड्या काढतो. पन ह्यो सायेब पयला चिखलात उतरंल!"

उदयसिंह बूट काढू लागले.